एकदाच वाजणारा निरोप

आता सगळं फुटलंच आहे, म्हणून सांगतो.

ताजबीचा सिराज हिंजवडीत कंपनीची गुपितं राखायचा. कोण कोणाला काय पाठवतंय यावर डोळा ठेवणारी यंत्रं त्याच्या हाताखाली. त्याचीच नोकरी गेली. हे कोळवणला आईला कळवायचं होतं, पण बहिणीचा, साजिदाचा साखरपुडा होईपर्यंत बाहेर कोणाला कळू द्यायचं नव्हतं. नवऱ्या मुलाच्या मामाला कंपनीतल्या मेहुण्याचं भारी अप्रूप, सोयरीक जमली ती त्यावरच.

ताजबी फोनवर ओरडून बोलते. म्हणून सिराजने तिच्या मोबाईलवर एक अ‍ॅप टाकून ठेवलं होतं. त्यात निरोप एकदा वाजला की कायमचा पुसला जातो.

निरोप आला तेव्हा ताजबी आमच्याबरोबर पौडच्या जीपमध्ये होती.

"एकडावच वाजतंय म्हणं," ती म्हणाली. "माज्या काय ध्यानात ऱ्हायाचं न्हाई. समद्यांनी नीट ऐका."

भैरू ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि आवाज पुरता मोठा केला.

"अम्मी, माझी नोकरी गेली. साखरपुड्यापर्यंत कोणाला बोलू नकोस."

शेजारी बसलेल्या लीलाबाईने ताजबीचा हात धरला. "आमी कायबी ऐकलं न्हाई."

एरवी कोणाच्या घरी काय शिजलं हे खोरंभर करणारे आम्ही, पण तोंडाला कुलूप लावलं. अभिमान वाटतो मला, खोटं कशाला सांगू?

ताजबीने मात्र लेकाला फोन करून धीर दिला, "काळजी करू नगंस, अख्ख्या जीपच्या ध्यानात हाय."

सिराजला घाम फुटला. जीपभर माणसांनी ऐकलं म्हणजे मामापर्यंत गेलंच, असा त्याचा हिशेब. तो तडक मामाच्या दारात. "तुमच्या कानावर आलंच असेल, माझी नोकरी गेली. लपवायला नको होतं."

मामाच्या हातातला चहा तसाच राहिला. "न्हाई बा. आमाला कुनीच बोललं न्हाई."

साखरपुडा 'पुढं बघू'वर गेला.

परवा सिराज आमच्या जीपमध्ये बसला. साजिदाही होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"भाई," ती म्हणाली, "समद्या जीपनं राखलं. तुला एकल्याला राखता आलं न्हाई व्हय?"

आम्ही बाहेर भातखाचरांकडे बघत बसलो. हेही आम्ही ऐकलं नाही.