बरोबर, पण उलटं

भादव्यातलं ऊन कलकत्त्यात न्यारंच पडतं. आभाळ भरलेलं, वारा बंद, अंगाला नुसती चिकचिक. अशा उन्हात आमची शकुनआत्या गार्डन रीचच्या रेल्वे वसाहतीत, क्वार्टरच्या मागल्या तुकड्यात मिरचीची रोपं लावत बसली होती. तिचा भाचा हेमंत तिकडं रेल्वेत साहेब. त्याच्या बायकोला, सानिकाला, कमरेच्या दुखण्यानं डॉक्टरनं दोन महिने पडून राहायला सांगितलं, म्हणून आत्या माण तालुक्यातलं रान दिराच्या हवाली करून तिकडं गेली. पण हाताला माती लागल्याबिगर तिला जेवण जायचं नाही. आमच्या माळावर कुदळ मारली की ठिणगी उडते, पण तिकडल्या मातीत बोट रोवलं तर हात मनगटापर्यंत आत जात होता.

हेमंतची पोरगी नूपुर, तिसरीतली, शेजारी बसून रोपं हातात देत होती.

"शाळंत न्हाई गेलीस गं?"

"पोट दुखतंय."

"मागच्या सुक्रवारीबी दुखत व्हतं."

"फ्रायडेला मासे ठरतात ना, आत्याआजी."

आत्याला वाटलं, पोरगी तापात बडबडतीय. तिनं मातीच्या हातानंच तिचं कपाळ चाचपलं. ताप नव्हता.

संध्याकाळी हेमंत कचेरीतून आल्यावर उलगडा झाला. शाळेनं तिसरीच्या अ-ब तुकड्या मोडून पोरं अकलेप्रमाणं वेगळी काढली होती. वरचा गट इलिश, मधला रुई, तळाचा पुंटी. ही तिन्ही तिकडच्या माशांची नावं. इलिश म्हणजे पावण्यांना वाढायचा, पुंटी म्हणजे बोटाएवढी. गणिताचे मासे वेगळे, वाचनाचे वेगळे. दर शुक्रवारी चाचणी घ्यायची आणि सोमवारी खोल्या बदलायच्या. एकच पोरगं दहाला इलिश असायचं आणि अकराला पुंटी. घंटा झाली की दप्तरं घेऊन नुसती पळापळ. एक पोरगं तर आपण आज कोण आहोत हेच न कळून दोन दिवस जिन्यात बसून शिकलं. तिथं कुणी शिकवत नव्हतं, पण हजेरी लागत होती.

"बाई म्हणतात, सगळे मासे सारखेच असतात," हेमंत म्हणाला.

"आसं? मग पंख्याखाली कोन बसतं?"

"इलिश," नूपुर म्हणाली.

गणितात नूपुर सात आठवडे पुंटी होती. वसाहतीतल्या मराठी घरांनी गणपती बसवला, तर प्रसादालासुद्धा पोरं गटवार बसली. शेजारच्या निर्मलाचा अर्णव इलिश. ती आत्याला म्हणाली, "राग मानू नका, पण अर्णवला हल्ली खाली नाही पाठवत मी. पुंटीत खेळलं की सवयी लागतात."

आत्यानं निर्मलाच्या हातावर प्रसाद ठेवला. पण त्या दिवसापासून पोरगी घासभर खाऊन ताट सारायला लागली, ते तिला सोसवेना.

रविवारी वाफा पुरा झाला. आत्या म्हणाली, "किती रोपं लागली बघ. आन् त्या पुठ्ठ्यावर लिव, म्हंजी मेलेली कळतील."

नूपुर मराठीत मोजायला उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी आत्याकडूनच शिकली होती. वाकून वाकून तिनं मोजली. "अठ्ठेचाळीस," म्हणाली, आणि पुठ्ठ्यावर ८४ काढले.

आत्यानं पुठ्ठा हातात घेतला. "ह्ये चौऱ्याऐंशी झालं की गं."

"नाही. अठ्ठे आणि चाळीस. आधी आठ म्हणतात ना? मग आधी आठ."

आत्यानं तोंडातल्या तोंडात पुन्हा म्हणून पाहिलं. बोलण्यात तर पोरीचं काही चुकत नव्हतं. तिनं चाचणीचे सगळे कागद मागवून जमिनीवर मांडले. सतरा आणि नऊ, उत्तर ६२. चाळीस वजा पाच, उत्तर ५३. पोरगी मनात मराठीत मोजायची आणि बोलल्या क्रमानं लिहायची. एकूण एक उत्तर बरोबर, फक्त पाठमोरं. सात आठवड्यांत बाईंनी एकाच उत्तराला खूण केली होती; ते होतं तेहेतीस.

सोमवारी आत्या हेमंतला घेऊन शाळेत गेली. नूपुरच्या सुचित्राबाई म्हणजे भलं माणूस. त्यांनी कागद आडवे-उभे धरून बघितले आणि त्यांचा चेहरा उजळला. हिंदीत बरंच बोलल्या. हेमंत सांगत गेला.

"त्या म्हणतात, हिला पुंटीत ठेवणं अन्याय होईल."

"बरं झालं."

"पण इलिशमध्येही घेता येणार नाही. उत्तरं बरोबर आहेत आणि चूकही आहेत. अशांसाठी गटच नाही. नवा काढावा लागेल."

"आरं पर, दहाचा आकडा आधी लिवायचा, ह्ये पोरीला कुनी सांगितलं का? इचार की."

हेमंतनं विचारलं. बाई गंभीर झाल्या.

"त्या म्हणतात, तसं सांगितलं तर चाचणीचा निकाल बिघडतो."

नवा गट निघाला. नाव चिंगडी. चिंगडी म्हणजे कोळंबी. ती मासाच नव्हे अशी एका पालकानं तक्रार केली, ती नोंदवून घेतली गेली. अडचण एकच होती, की गटात किमान दोन विद्यार्थी लागत.

"मी बसते," आत्या म्हणाली.

बाईंनी तिची रीतसर चाचणी घेतली. आत्यानं सगळी बेरीज तोंडी केली आणि उत्तरं मराठी आकड्यांत लिहिली. शेरा पडला: बरोबर, पण वेगळं. चिंगडीस पात्र.

खोली शिल्लक नव्हती, म्हणून चिंगडीला व्हरांडा मिळाला. हुगळीवरचा वारा सरळ तिथं यायचा. बाकावर मावेना म्हणून आत्या खालीच मांडी घालून बसली. झाडूच्या काड्या मोडून तिनं दहा-दहाच्या जुड्या बांधल्या. "ह्या चार जुड्या, ह्या आठ सुट्या. तोंडानं काय बी म्हन, लिवताना जुड्या आधी." पोरीनं दुपारपर्यंत ते धरलं. मग उरलेल्या वेळात शेंगा खाल्ल्या आणि आत्यानं विहिरीत पडलेल्या रेड्याची हकिगत सांगितली. खिडक्यांतून तिन्ही जातीचे मासे बघत होते.

पुढच्या शुक्रवारी चाचणी झाली. तिसरीतल्या सगळ्या पोरांनी उत्तरं उलटी लिहिली.

शाळेला आनंद झाला. एवढी प्रगती एका आठवड्यात कधी झाली नव्हती. पण चिंगडी फार मोठी झाली, म्हणून तिचे अकलेप्रमाणं तीन भाग केले: मोठी, मधली आणि बारकी. इंग्रजी आकडे कच्चे म्हणून आत्या बारकीत गेली. अर्णवही बारकीत, गडबडीत त्याच्याकडून दोन उत्तरं सरळ लिहिली गेली होती.

संध्याकाळी निर्मला दारात आली. "आत्या, अर्णवला जरा उलटं लिहायला शिकवाल का? घरी आम्हाला कुणाला जमत नाही."

"धाडून द्या," आत्या म्हणाली. "आधी सुलट शिकवीन. मग उलटं त्याचं तो बघंल."

आणि नूपुर? तिनं मात्र त्या शुक्रवारी, आत्यानं सांगितलं तसं, सगळं सरळ लिहिलं. वीसपैकी वीस. सोमवारी तिला इलिश केलं. इलिशची खोली मोठी, डोक्यावर दोन पंखे, आणि आत ती एकटी. बाकीचे सगळे व्हरांड्यात.

ती थोडा वेळ बसली. मग दप्तर उचलून बाहेर आली आणि आत्याच्या आणि अर्णवच्या मधे जागा करून बसली. अर्णवची पाटी ओढून घेत म्हणाली, "जुड्या आधी लिही."

सुचित्राबाई हजेरीपट घेऊन आल्या. त्यांनी नूपुरला विचारलं, "तू कोणत्या गटात?"

नूपुरनं वर बघितलं. "तिसरी ब," म्हणाली.

बाईंनी हजेरीपट चाळला. तसा रकाना त्यात कुठं सापडला नाही. त्या वाऱ्याला जरा उभ्या राहिल्या, मग खुर्ची मागवून तिथंच बसल्या, आणि घंटा होईपर्यंत सगळ्या वर्गाला एकदमच शिकवलं.