भारीतला भारी सेट

पनवेलच्या कमळाकरशेठनी जन्मात कधी हलकी वस्तू घेतली नाही. कोयता जड, गाडी जड, बायकोच्या बांगड्या तर विचारूच नका! असा माणूस लेकीसाठी गोल्फच्या काठ्या आणायला एकटाच गेला, तिथेच सगळा घोळ झाला.

रविवारी त्यांच्या लेकीची, पूर्वीची, राज्याच्या शिबिरासाठी निवड चाचणी होती. "लेडीज सेट घ्या बरं का," असं तिला गोल्फ शिकवणाऱ्या रुचिरा मॅडमनी फोनवर बजावलं होतं. वजनाला कमी, दांडा आखूड, जरासा लवचिक. मॅडमच्या तसल्याच उसन्या सेटने पूर्वी मारायची, तेव्हा चेंडू असा सुटायचा की मैदानातल्या तळ्यावरचे बगळे उडायचे.

दुकानात शेठनी लेडीज सेट उचलून पाहिला. "ही काय भातुकली हाय? आमची पोर कुनापेक्षा कमी हाय का?" आणि पुरुषांचा, त्यातही सगळ्यात वजनदार स्टीलचा सेट घेतला. वर प्रत्येक काठीवर 'पूर्वी' कोरून! दसऱ्याला तो कोयत्याशेजारी मांडला, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला, अख्ख्या आळीला दाखवला.

पूर्वीने अंगणात एक काठी फिरवून पाहिली. काठीनेच तिला फिरवलं.

"बाबा, या बदलून मिळतील का?"

"पुजलेलं हत्यार बदलतात काय गो? नाव पन तुजंच हाय."

"मग रविवारी मी मॅडमच्याच—"

"त्यांचा सेट आजच परत केला. पेढे देऊन! म्हटलं, आता आमाला उसनं नको."

बाबा इतके खुशीत होते की पूर्वीने काठी पुसून पुन्हा पिशवीत ठेवली. वर्गात भल्याभल्यांना गप्प करणारी पोरगी ती!

तिने गुपचूप मॅडमना फोन लावला.

"अगं, तो सेट मी कामोठ्याच्या मनस्वीला दिला. तिचीही रविवारीच निवड आहे. आता कसा काढून घेऊ, सांग!"

"राहू द्या, मॅडम," म्हणत पूर्वीने फोन ठेवला.

रविवारी मैदानाच्या कडेला बाबा, काका, आत्या, सगळी वरात हजर. पूर्वीने जीव खाऊन पहिला फटका मारला. चेंडू उजवीकडच्या झुडपात. दुसराही तिकडेच. तिसऱ्याला नुसती माती उडाली.

"जोर लाव गो!" बाबांनी टाळ्या वाजवल्या.

मग मनस्वी आली. तिचा चेंडू सुटला आणि तळ्यावरचे बगळे उडाले.

परतताना बाबांनी ती जड पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली. "काठ्या झकास हायत. तुजा खुराक वाढवायला पायजे."