लाम-लामच्या खांद्यावरचा हात

दुसऱ्याच्या घरात पाय ठेवायचा आणि त्या घरच्याच बाईला म्हणायचं, "तुम्ही जरा आतल्या खोलीत बसता का?" ही रीत त्या मिस याउने कुठून उचलली होती कोण जाणे. घर कमहोच्या लेकीचं, सोफा कमहोने घेऊन दिलेला, त्या सोफ्यावर मांडी घालून बसलेली नात लाम-लाम कमहोने वाढवलेली. आणि ही कालची बाई, बालवाडीच्या प्रवेशाचा सल्ला देऊन पोट भरणारी, हिला कमहो मधे नको!

कमहो काही उठली नाही.

"पोपोचा आवाज लागलाय मुलीला," याउबाई मान-यीला म्हणाली, जणू पोपो, म्हणजे आजी, तिथे नव्हतीच. "नाव काय विचारलं तर ओरडूनच सांगते. आणि वर मलाच विचारते, तुम्ही जेवलात का! मुलाखतीत मूल प्रश्न विचारत नसतं."

"जेवलात का विचारलं तर काय पाप झालं?" कमहो म्हणाली.

"आजीबाई, शाळेला शांत मूल हवं असतं."

"मग दुकानातून बाहुली घेऊन जा म्हणावं."

"आई!" मान-यीने डोळे वटारले. बँकेत मोठ्या खुर्चीवर बसणारी ही लेक याउबाईपुढे मात्र शाळकरी पोरीसारखी मान खाली घालायची.

निकाल लागला तो असा. मुलाखत होईपर्यंत लाम-लामने शाम शुई पो वस्तीतल्या कमहोच्या भाजलेल्या हंसांच्या दुकानात पाऊल टाकायचं नाही. प्रवेश मिळाला की लगेच पहिलीच्या शाळेची तयारी सुरू, तेव्हाही हाच नियम. म्हणजे पोरगी हरली तर घरात रडारड, आणि जिंकली तर कमहोच्या हातातून गेलीच. तीन महिन्यांची होती तेव्हापासून लाम-लामची प्रत्येक दुपार त्या दुकानात गेली होती, टांगलेल्या हंसांच्या रांगेखाली, उंच स्टुलावर पाय हलवत. पण तिला ती शाळा मिळावी असं सगळ्यांत जास्त कुणाला वाटत होतं तर ते कमहोलाच. ती स्वतः दुसरीतून उठून कारखान्यात प्लॅस्टिकची फुलं जोडायला बसली होती. म्हणून तिने जीभ चावली आणि निघून आली.

मग सुरा असा चालायला लागला की गिऱ्हाइकं म्हणू लागली, "कमहोताई, हंस कधीच मेलाय, आता अजून किती मारशील?"

मुलाखतीच्या शनिवारी दुकानात ही गर्दी आणि फोन वाजला. पलीकडे मान-यी रडत होती. लाम-लाम शाळेच्या फाटकाशी जमिनीवर बसली होती, नव्या कपड्यांनिशी. पोपो आल्याशिवाय उठणार नाही म्हणत होती. बापाने समजावलं, याउबाईने चॉकलेट दाखवलं, पोरगी ढिम्म.

"आई, ये. जशी आहेस तशी ये."

कमहोने दुकान शेजारच्या भाजीवालीच्या हवाली केलं आणि एप्रनसकट टॅक्सीत बसली.

फाटकाशी सगळी कुटुंबं गडद निळ्या कपड्यांत, जणू एकाच ताग्यातून कापलेली. टॅक्सीचं दार उघडायच्या आत याउबाई समोर हजर.

"आजीबाई, उतरू नका. इथूनच हात हलवा, म्हणजे ती उठेल."

"सरक बाजूला," कमहो म्हणाली. "तुझ्या कोटाला तेल लागेल."

याउबाई सरकली. लाम-लाम धावत आली आणि एप्रनला चिकटली ती चिकटलीच. कमहो तशीच तिघांसोबत आत गेली. पोरीला सोडवून घेण्यात पुन्हा आरडाओरडा झाला असता, म्हणून मान-यीनेही आईला परत जा म्हटलं नाही.

आत लहान टेबलाभोवती सहा मुलं, मागे त्यांची माणसं. शिक्षिकेने पहिल्याला विचारलं, कुठलं फळ आवडतं?

"ड्रॅगन फ्रूट."

दुसरा म्हणाला ड्रॅगन फ्रूट. तिसरी म्हणाली ड्रॅगन फ्रूट. सफरचंद तर सगळेच म्हणतात, वेगळं काहीतरी सांगा, असं याउबाईने शिकवलं होतं. आणि शिकवलं होतं या सगळ्यांनाच. पाचवा पोरगा ते म्हणाला तेव्हा शिक्षिकेने ओठ दाबून धरले.

लाम-लामची पाळी आली.

"हंस!"

"हंस फळ नाही गं."

"मला माहितेय. पण मला हंसच आवडतो. टीचर, तुम्ही जेवलात का?"

शिक्षिका खळखळून हसली. "नाही गं, अजून कुठे!"

मग मुख्याध्यापिका आल्या आणि लाम-लामची चोपडी उघडून बसल्या. याउबाईने शाळेला दाखवायला करून घेतलेली ती चोपडी, पानापानांवर पोरीचे फोटो. एका फोटोवर त्या थांबल्या. नववर्षाचा फोटो, आई-बाप आणि मधे लाल जाकिटातली लाम-लाम. तिच्या खांद्यावर एक हात होता. मनगटामागे माणूसच नव्हता.

"हा कोणाचा हात?"

जावई खोकला. याउबाईने पाठ करून घेतलेल्या उत्तरांत हे उत्तर नव्हतं.

कमहोने तो फोटो त्या क्षणी पहिल्यांदा पाहिला. भट्टीने भाजल्याचा अंगठ्याखालचा डाग स्वच्छ दिसत होता. पण तिची मान खाली गेली नाही. पुढे होऊन तिने आपला पंजा फोटोशेजारी टेबलावर ठेवला.

"हा माझा. बाकीची मी कात्रीच्या पलीकडे गेले."

मग मान-यी उठून उभी राहिली.

"मी कापलं, मॅडम. कोणीतरी सांगितलं खरं, पण कात्री माझ्याच हातात होती. दुकानाची लाज वाटली मला. ह्याच हाताने मला शिकवलं, आणि माझी मुलगीसुद्धा ह्याच हाताने वाढवली." मग आईकडे वळून ती म्हणाली, "चुकलं माझं."

मुख्याध्यापिकांनी चोपडी मिटली. "पोपोकडे काय काय करतेस गं?" त्यांनी लाम-लामला विचारलं.

ते सांगायला लाम-लामला इतका वेळ लागला की बाहेरच्या रांगेतली माणसं दारातून डोकावू लागली. आवाज अर्थात पोपोचाच.

पुढच्या आठवड्यात शाळेचा फोन आला. प्रवेश मिळाला! कमहोने ती बातमी दुकानातून अशी ओरडून सांगितली की समोरच्या इमारतीतल्या लोकांनी खिडक्या उघडल्या. त्या दिवशी हंस घेणाऱ्या प्रत्येकाला वर डुकराच्या भाजलेल्या मांसाचा तुकडा फुकट मिळाला, आणि लाम-लाम स्टुलावर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "मी शाळेत जाणार!" मान-यी बँकेतून लवकर सुटून आली होती आणि बाह्या सरसावून डबे भरत होती.

तेवढ्यात बिस्किटांचा डबा घेऊन याउबाई आली.

"अभिनंदन! काय कल्पना होती, आजीबाई! पुढच्या वर्षी मी सगळ्यांनाच आजी आणायला सांगणार आहे, एप्रनसकट. आणि मान-यी, पहिलीच्या तयारीचं सोमवारपासून सुरू करू या. आता ढिलाई नको, बाकीची मुलं पुढे निघून जातील."

मान-यीने आईकडे पाहिलं आणि एक पाऊल मागे सरकली. कमहोने सुरा खाली ठेवला, हात पुसले.

"याउ, तू वाईट बाई नाहीस. तू घाबरट आहेस, आणि आपली भीती घरोघरी वाटत फिरतेस. माझ्या लेकीच्या घरात ती भरपूर वाटून झाली. सोमवारी लाम-लाम इथे येईल, ओरडेल, आणि वाटेल त्याला वाटेल ते विचारेल. तुला हंस हवा असेल तर ये, मांडीचा तुकडा काढून देईन. सल्ला द्यायला मात्र पुन्हा येऊ नकोस."