जिच्यासाठी तो धावतो

दिवसभर काचा घासून चष्म्याच्या फ्रेममध्ये बसवायच्या, म्हणजे डोळ्यांना पाणी यायचं. पण तिला खरा शीण यायचा तो रविवारी, नवऱ्याच्या शर्यतीला.

तिचं ऑपरेशन, केमो, सगळं निभावलं आणि नवरा धावायला लागला. फ्रीज दुरुस्त करणारा साधा माणूस, कोपऱ्यावरच्या दुकानातही स्कूटरने जाणारा. कॅन्सरच्या गरजू पेशंटांसाठी पैसे उभे करायचे, हे त्याच्या मनाने घेतलं. आधी धावणं, मग सायकल, मग तलाव पोहून पार. लोकांनी सढळ हाताने दिलं, कुणाकुणाचे उपचार त्यातून झाले. त्यामुळे तिची अवस्था तोंड दाबून बुक्क्यांचा मार अशी. कारण प्रत्येक वेळी त्याच्या छातीवर तिचा फोटो छापलेला असायचा, केस गेलेला, ओठ सुकलेला.

त्या रविवारी दिवसभर मैदानाला फेऱ्या मारायच्या होत्या. ती मांडवात पाण्याच्या टेबलाशी बसली होती. शेजारी देणगीच्या पेटीजवळ नणंद.

"वहिनी, जरा हसा ना. लोक तुम्हाला बघायला येतात."

"मला? मी काय प्रदर्शनात मांडलेला भोपळा आहे?"

तेवढ्यात एका अनोळखी बाईने तिचा हात धरला आणि आपल्या गेलेल्या बहिणीची हकिगत सांगायला घेतली. सकाळपासूनची ही कितवी कोण जाणे. तो हात नेमका ऑपरेशनच्या बाजूचा, सुजून ठणकत होता. पण रडणाऱ्या बाईच्या हातातून तो सोडवून कसा घ्यायचा? ती ऐकत राहिली.

दुपारी कर्ण्यावरून घोषणा झाली, की पुढच्या वर्षी तिचा नवरा समुद्रात पोहणार. टाळ्या पडल्या. तिला हे आत्ताच कळत होतं.

थोड्या वेळाने तो लंगडत आला आणि खुर्चीत कोसळला. तिने त्याचा बूट काढला. अंगठ्याचं नख काळंनिळं पडलं होतं.

"अहो, बुधवारी माझी तपासणी आहे."

"तुझी ताई येईल ना तुझ्याबरोबर? मला त्या दिवशी पोहायला..."

"दर वेळी ताईच येते. जगाच्या कॅन्सरसाठी तुम्ही जिवाचं रान करता, आणि माझ्या तपासणीला एकदाही आला नाहीत."

त्याने काळ्या नखावरून बोट फिरवलं. मग खाली बघत म्हणाला, "पळताना काहीतरी करतोय असं वाटतं. तिथे नुसतं दाराकडे बघत बसायचं... पाय कापतात माझे."

"माझेही कापतात. पण मला बसावंच लागतं."

तिने बूट परत चढवला, नाडी बांधली. "लोकांना शब्द दिलाय तो पुरा करा. मी घरी जाते झोपायला."

"वहिनी, शेवटच्या फेरीला तुम्ही नसलात तर कसं दिसेल?" नणंद कळवळली.

"दिसेल तसं दिसेल," म्हणत तिने पर्स उचलली.

तो संध्याकाळी आला, गरम पाण्यात पाय सोडून बसला. रुसून फुगलेलाच होता. दोघं मुकाट्याने जेवली. पुढचे दोन दिवसही कामापुरतंच बोलणं. बुधवारी सकाळी त्याने पोहण्याची पिशवी भरायला घेतली, तेव्हा ती एकटीच निघाली. ताईलाही तिने नको म्हणून कळवलं होतं.

दवाखान्याच्या बाकावर ती बसली होती, तर हा समोरून आला. कामाचे कपडे, हातात पाना तसाच.

"पोहायला गेलोच नाही. एकाचा फ्रीजही अर्धवट सोडून आलो," तो म्हणाला आणि शेजारी टेकला. मग त्याच्याने पाना एका हातातून दुसऱ्या हातात करण्यापलीकडे काही झालं नाही.

तिचं नाव पुकारलं. तो उठायला गेला, पण आखडलेले पाय उठू देईनात. शेवटी तिनेच त्याला ओढून उभं केलं.

आत डॉक्टरांनी तिला तपासलं, रिपोर्ट सावकाश वाचले. "ठीक आहे सगळं. सहा महिन्यांनी या."

बाहेर आल्यावर तो भिंतीला टेकला. कपाळावरून घाम निथळत होता.

"दर वेळी असं असतं?" त्याने विचारलं.

"दर वेळी."

बसमध्ये तिने विचारलं, "आणि समुद्राचं काय?"

"बघू," तो म्हणाला. "आधी जरा डोळा लागू दे."

डोळा दोघांचाही लागला. बस त्यांचा स्टॉप सोडून पुढे गेली, आणि तेवढं अंतर त्यांना चालत मागे यावं लागलं. तो फार सावकाश चालत होता. ती थांबत थांबत त्याच्याबरोबर चालली.