एक्केचाळीस ठिपके आणि मी

मी एक जुना बनियन आहे. माझ्या खोक्यावर 'पांढरा' असं छापलं होतं. आता माझा रंग कोणता, यावर घरात दोन मतं आहेत.

मित्रांनो, त्या खोक्यात आम्ही तीन भाऊ होतो. एक फरशी पुसता पुसता गेला. दुसऱ्याला माळ्यावरच्या उंदरीणबाईंनी बाळंतपणासाठी नेलं. मी मात्र बाबांच्या अंगाला चिकटून राहिलो. नवा असताना मला चार भोकं होती. सात वर्षांत ती एकोणीस झाली. कधी कधी बाबांचं डोकं भलत्याच भोकातून बाहेर येतं. तरी ते म्हणतात, "हवा कशी खेळती राहते."

आई रोज म्हणते, "अहो, काढा तो. चाळण झालीय त्याची."

बाबांचं दुसरं प्रेम म्हणजे त्यांची निळी गाडी. जुनीच, पण गेल्या महिन्यात नव्याने रंगवलेली. शेजाऱ्यांना ते तिच्याकडे फार वेळ बघू देत नाहीत, रंग उडेल म्हणून.

लेकीला नोकरी लागली, आणि तिकडे बस जात नव्हती. बाबा म्हणाले, "आज एकटीने एक फेरी मारून ये. गाडी नेशील तशी आणलीस, तर उद्यापासून किल्ली तुझी."

तिने गाडी फार जपून नेली. वाटेत एका कोंबडीलाही आधी जाऊ दिलं. पण परतेपर्यंत रस्त्यावर ताजं डांबर पडलं होतं. गाडी घरी आली तेव्हा दारांवर खालच्या बाजूला काळे ठिपके होते. बाबांनी ते मोजले. एक्केचाळीस. मग ते आत गेले आणि भांड्यांची तारेची घासणी घेऊन आले.

त्यांनी दोन हात मारले. ठिपका जागचा हलला नाही.

"बाबा, थांबा. रंग निघेल," लेक म्हणाली.

"मग काय, त्याला समजावून सांगू?"

"जवळपास तसंच. गॅरेजवाल्या काकांना विचारलंय मी. गाडी सावलीत घ्यायची, फडक्यावर खायचं तेल घेऊन ठिपक्यांवर ठेवायचं. डांबर सैल झालं की अलगद टिपायचं. फडकं मात्र वापरून वापरून मऊ झालेलं हवं."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मित्रांनो, दुकानातही माझ्याकडे कुणी इतकं निरखून पाहिलं नव्हतं.

"अंगावरचा?" बाबांनी विचारलं.

"सात वर्षं मागतेय मी," आई म्हणाली. तेलाची बाटली तिच्या हातात तयारच होती.

बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा लेकीच्या तोंडाकडे. आणि मला काढून दिलं.

भोकं फार म्हणून लेकीने माझी चौपदरी घडी केली, तेलात भिजवली आणि दारावर धरली. पंधरा मिनिटं मी तसाच होतो. बाबा उघडेच, हाताची घडी घालून, नातेवाइकाचं ऑपरेशन चालू असल्यासारखे उभे होते. मग डांबर सुटू लागलं. ती घासत नव्हती, टिपत होती. दर वेळी माझी स्वच्छ बाजू पुढे करत होती. प्रत्येक दाराला तिने तेवढाच वेळ दिला. शेवटी सगळं साबणाच्या पाण्याने धुतलं. निळा रंग तसाच होता.

फक्त एका जागी दोन बारीक ओरखडे दिसले. घासणीचे.

"हे आधीचेच असतील," बाबा म्हणाले.

आई काहीतरी बोलणार होती. त्याआधी लेक म्हणाली, "असतील, बाबा."

बाबांनी ओरखड्यांवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाले, "उद्या किती वाजता निघायचंय?"

"साडेसात."

तिचे हात तेलकट होते, म्हणून किल्ली त्यांनी स्वतःच तिच्या खिशात टाकली.

मी आता डिकीत राहतो. बाबा रोज सकाळी हवा तपासायच्या निमित्ताने डिकी उघडतात. टायर बाहेरच्या बाजूला असतात, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. डाग दिसला की घासणी शोधू नका. तेल लावा आणि पंधरा मिनिटं गप्प बसा. आणि जुन्या बनियनला वेळेवर मोकळं करा. आम्हालाही कामं असतात.