पोहता न येणारे किती

बेटावर जायचं ठरलं तेव्हापासून मास्तर डोंगराच्या बाजूने बोलत होते.

जेवणाच्या टेबलावर बेटाचा नकाशा पसरला होता. तो गुंडाळला जाऊ नये म्हणून कोपऱ्यांवर मिठाची बाटली, चष्म्याची दोन घरं आणि मास्तरांची शिट्टी ठेवली होती. बेट एवढंसं, पण त्याच्या पावसाचं गणित वाकडं. एक किनारा भिजत असतो तेव्हा दुसरा कोरडा ठणठणीत. मुलीच्या सुट्टीत कुठला किनारा कोरडा सापडतो, ते मास्तरांच्या बायकोने, चष्मेवालीने शोधून काढलं होतं. पूर्वेचा. तिथे उथळ पाण्यात प्रवाळ होतं, कासवं होती आणि काचेच्या तळाची बोट होती.

चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम ती लग्नाआधीपासून करत होती. आळीने ठेवलेलं हे नाव आता घरातही रुळलं होतं. काच केसभर वाकडी बसली तरी तिला ती हाताला कळे. सहलीची तयारीही तिने तशीच चालवली होती. डासांचं मलम झालं, तिकडच्या भिंतीत बसणारी प्लगची पिन झाली, डोंगरासाठी एकेक स्वेटर झाला. उरला होता समुद्र.

"डोंगरातल्या आगगाडीत खिडकीची जागा हवी तर तिकीट आधीच काढावं लागतं," मास्तर म्हणाले. "आणि मी काय म्हणतो, तिथे एक मुक्काम वाढवू. थंड हवा, चहाचे मळे. निवांत."

"आणि समुद्र?" बेडकीने विचारलं. मुलीचं हे नाव तलावावर पडलं होतं. चालायला लागली नाही तोच ती पाण्यात पाय मारू लागली होती.

"समुद्र काय, गाडीतूनही दिसतो."

"बाबा, तू पोहण्याचा मास्तर आहेस की पोस्टाचा?"

मास्तर हसले आणि त्यांनी शिट्टी उचलून परत त्याच जागी ठेवली. शहराच्या तलावावर निम्म्या गावाला त्यांनी पोहायला शिकवलं होतं. चष्मेवालीलाही. त्यांचं जमलं ते तिथेच, ती पाण्यात आणि ते काठावर बांबू धरून उभे असताना.

फोन वाजला. सहल ठरवून देणाऱ्या बाई होत्या. बेडकीने फोन टेबलाच्या मधोमध, स्पीकरवर ठेवला. गाडी ठरली होती, चालक चांगला होता, मच्छरदाण्या हॉटेलच देणार होतं.

"आता फक्त बोटीचं सांगा," बाई म्हणाल्या. "जॅकेट सगळ्यांनाच घालावं लागतं. पण पोहता न येणाऱ्यांसोबत बोटवाला वेगळा माणूस देतो. तर पोहता न येणारे किती?"

"एकही नाही," बेडकी म्हणाली. "आमच्याकडे नळाखालीसुद्धा पोहतात."

"एक," मास्तर म्हणाले.

चष्मेवाली औषधांच्या पुड्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. तिने मान वर केली नाही. "कोण एक?"

"मी."

फोनमधून आधी हसू आलं. "मास्तर म्हणजे ना. अहो, माझ्या भाच्याला तुम्हीच शिकवलंत."

बेडकीही हसली. मग तिने बापाच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचं हसू अर्ध्यातच राहिलं. चष्मेवालीच्या बोटाला चिठ्ठी चिकटली होती, ती सुटेना.

"मी जरा वेळाने करते फोन," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी घाईने फोन ठेवला.

चष्मेवालीला नेमका टॉवेल आठवला. मास्तरांचा टॉवेल ती वर्षानुवर्षं धूत आली होती. त्याला क्लोरीनचा वास असायचा, पण तो कधी ओला नसायचा. तलावावरच वाळवत असतील, असं ती धरून चालली होती. इतकी वर्षं रोज हातात घेतलेली वस्तू, आणि हाताला काही कळलं नव्हतं.

"चेष्टा करत असाल तर आत्ताच सांगा," ती म्हणाली.

"चेष्टा नाही."

"मग?"

मास्तर नकाशाकडे बघत बोलले. "मी पंपाच्या खोलीत कामाला होतो. पाणी गाळायचं, औषध टाकायचं. जुने सर एका सकाळी आलेच नाहीत, सोडून गेले. पोरं काठावर कुडकुडत उभी. शिट्टी खुंटीला होती. सरांचं बोलणं ऐकून ऐकून मला सगळं पाठ झालेलं. म्हटलं, आजचा दिवस निभावून नेऊ. पोरं तरंगली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली."

"आणि कोणी विचारलं नाही?"

"पोहण्याच्या मास्तराला पोहता येतं का, असं कोण विचारतं, अगं?"

"मला शिकवलंत तेव्हाही?"

"तेव्हाही. तुझ्याकडे बघता बघता एकदा आत पडायच्या बेतात होतो."

एरवी ती या वाक्यावर हसली असती. बेडकीने खुर्ची मागे सरकवली.

"पण पाण्यात दादू असायचा," मास्तर घाईघाईने म्हणाले. दादू म्हणजे तलावाचा जीवरक्षक, सुटलेल्या पोटाचा आणि माशासारखा पोहणारा. "दादूशिवाय मी एकाही पोराला पाण्यात उतरू दिलं नाही. तो आला नाही की तलाव बंद."

"क्लोरीन जास्त झालंय म्हणून सांगायचात," चष्मेवाली सावकाश म्हणाली.

"हो."

"म्हणजे दादूला माहीत होतं."

"पहिल्या दिवसापासून."

"दादूला माहीत. मला नाही."

मध्येच बेडकी बोलली, आणि तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "बाबा, माझ्या पायात गोळा आला होता तेव्हा?"

चष्मेवालीला तो दिवस लख्ख आठवत होता. ती वरच्या बाकांवर बसली होती. खोल पाण्यात पोर दिसेनाशी झाली आणि काठावर मास्तर बांबू पुढे करून पुतळ्यासारखे उभे राहिले. ओरडले नाहीत, उडी मारली नाही. बेडकीच्या हाताला बांबू लागला तोवर दादूने तिला खालून उचललं होतं. पुढे कितीतरी दिवस चष्मेवाली दुकानात येईल त्याला सांगत होती, आमच्या ह्यांचं डोकं किती थंड, पोटची पोर बुडत असतानाही डगमगले नाहीत.

"मी जगाला सांगत सुटले होते," ती म्हणाली, "की तुम्ही किती शांत राहिलात."

"मी शांत नव्हतो. मला हलताच येत नव्हतं."

चष्मेवालीने टेबलाची कड धरली. माझी पोर त्या पाण्यात होती आणि काठावर हा माणूस होता, एवढंच तिच्या डोक्यात फिरत राहिलं. पोर समोर बसली होती, धडधाकट, गालावर पुळी आलेली. तरी तिच्याकडे बघायची चष्मेवालीला भीती वाटली.

"मग आज का सांगितलंत?" तिने शेवटी विचारलं. "डोंगरात मुक्काम वाढवला असतात तर खपून गेलं असतं."

"तिथे दादू नसणार," मास्तर म्हणाले. "बोटीवर हिला काही झालं असतं, तर तू माझ्याकडे बघितलं असतंस. मला वाचवायला सांगितलं असतंस. तुला आधी कळायला हवं होतं."

फोन पुन्हा वाजला. मास्तरांनी हात पुढे केला, पण चष्मेवालीने तो आधी उचलला.

"ताई, मग बोट रद्द करू का?" बाईंनी चाचरत विचारलं.

चष्मेवालीने नवऱ्याकडे पाहिलं. दुकानात काच फ्रेमला लावण्याआधी उजेडासमोर धरून बघावी, तसं. त्याला माफ केलं की नाही, हे तिचं तिलाही कळत नव्हतं.

"बोट राहू दे," ती म्हणाली. "पोहता न येणारे एक. वेगळा माणूस द्यायला सांगा. आणि डोंगरातला वाढीव मुक्काम नको."

तिने फोन ठेवला. नकाशावरची शिट्टी उचलून तिने कपाटाच्या खणात टाकली. नकाशाचा तो कोपरा लगेच गुंडाळला गेला.

"उद्या दादूला लवकर यायला सांगा," ती म्हणाली. "टॉवेल घ्या. मी पाण्यात उतरणार आहे. काठावरून शिकवायला मला येत नाही."