तिसरा दिवा लागेपर्यंत

अरे ऐका तर, मधी बोलू नका. सोळा सालच्या उन्हाळ्यातलं आहे हे. मुकुंदवाडीत सांडूमामाचं बॅटरीचं दुकान, पत्र्याचं, आणि समोरूनच टँकरची रांग लागायची. पाण्याच्या टाकीवर भरायला नंबर, वीस-वीस टँकर एकामागं एक, सगळ्यांची इंजिनं धडधडत. जुन्या वस्तीत नळाला आठ दिवसांनी पाणी, आणि बायपासला ज्या नव्या बिल्डिंगी झाल्या तिथं तर नळाला नुसती हवा. सगळं शहर टँकरवर.

दुकानात मामाची भाची, प्रेरणा. पिशोरची पोरगी, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालेला. वाळूजला कंपनीत नोकरी लागेपर्यंत बस इथं, म्हणला मामा, आणि बसली ती बसलीच. ओढणीला ॲसिडची बारीक-बारीक भोकं पडलेली, पण बॅटरी नुसती हलवून सांगायची, हिचं काय खरं नाय म्हणून.

आणि कडुबा. अजिंठ्याकडचा, टँकरवर ड्रायव्हर. पहिल्या दिवशी तिला "ओ ताई" म्हणला तर हिचं तोंड इतकं उतरलं, इतकं उतरलं, की त्यानं बघितलं आणि दुसऱ्या खेपेपासून "ओ इंजिनेर" सुरू केलं. दर पंधरा दिवसांनी यायचा. बॅटऱ्या बसल्या म्हणून. मामा जुन्या चार्जरला लावून द्यायचा, पेटीएवढा तो चार्जर, भुंग्यासारखा गुणगुणायचा, बॅटरीतलं पाणी डाळीसारखं उकळायचं. मामाला वाटायचं, उकळलं म्हंजे भरली.

मधल्या दिवसांत रांगेतून जाताना कडुबा दुकानासमोर थांबायचा, पण इंजिन कधी बंद करायचा नाय. बंद केलं की चालू व्हायची गॅरंटी नाय ना! वरूनच ओरडून बोलायचा. धडधडीत अर्धं ऐकू यायचं, अर्धं वाहून जायचं. "काल तुमच्या पिशोरला...", "मी म्हणलं इंजिनेरला एकदा..." एवढंच. उरलेलं वाक्य प्रेरणा घरी जाऊन, भाकरी थापता-थापता, आपल्या मनानं पुरं करायची. रोज येगळं.

आता खरी गोष्ट. बॅटऱ्या का मरतात ते तिला दुसऱ्या खेपेलाच कळलं होतं. झाकण उघडून बघितलं तर आत पांढरं-पांढरं बसलेलं. कडुबा आपल्याच टँकरमधलं पाणी टाकत होता! क्षारानं प्लेटा खलास. एक वाक्य सांगायचं होतं, पण तिनं नाय सांगितलं. सांगितलं असतं तर तो आला असता का पंधरा दिवसांनी? दोन महिने गप बसली. झोप लागायची नाय, पण गप.

मग एप्रिलात एके दिवशी सकाळीच कडुबा आला, पायी. हातगाड्यावर दोन्ही बॅटऱ्या. टँकर रांगेच्या मधोमध बंद पडलेला, मागच्या धा ड्रायव्हरांनी आया-बहिणी काढत ढकलून बाजूला लावलेला.

"मामा, नवी जोडी द्या. मालकाचा फोन आला आसंल तुम्हाला," तो म्हणला. मग हळूच, "ही बी गेली तर चावी ठिऊन घरी जा म्हणला. म्हणला, बॅटऱ्या खातो का काय तू?"

प्रेरणा तशीच उठली.

तिनं काय केलं, कोपऱ्यातलं खोकं उघडलं. नवा चार्जर, आठ दिवसांपासून पडून होता. मामाचा विश्वास नव्हता. "एवढीशी डबी, ही काय भरणार?" प्रेरणानं पुस्तिका वाचली, पुन्हा वाचली, नव्या बॅटऱ्यांत ॲसिड भरून गार होऊ दिलं, दोन्ही एकामागं एक जोडल्या. चोवीस व्होल्ट. बॅटरी कोणत्या जातीची ते बटन, केवढी आहे ते बटन.

"ही काळी वायर जास्तीची आली वाटतं, काप ती," मामा म्हणला.

"मामा, ती बॅटरीला चिकटवायची. बॅटरी तापली की चार्जर आपणहून दम कमी करतो."

"ऊन बी कळतंय का त्याला? माझ्यापेक्षा शाना निघाला."

लाल दिवा लागला. पहिला दिवा म्हंजे जोरात भरणं. कडुबा जुन्या टायरवर बसला. टँकर बंद, जाणार कुठं? दुपारी पिवळा लागला. आता भरणं हळूहळू, करंट उतरत-उतरत.

"काढ की गं," मामा म्हणला, "जुन्यावर आतापर्यंत उकळून झालं असतं."

"उकळतं म्हणूनच मरतात, मामा. तिसरा दिवा लागू द्या. हिरवा लागला की नुसतं भरलेलं धरून ठेवतो, वरून ढकलत नाय."

खरं सांगू? ती चार्जरकडं बघतच नव्हती. आख्खा दिवस तो समोर बसलेला, त्याच्या इंजिनाचा आवाज नाय, आणि आता बोलणं पुरं ऐकू येतंय तर दोघं बी गप! मामा जेवायला गेला. प्रेरणाचं बोट त्या जातीच्या बटनावर गेलं. एकदा दाबलं की जात चुकणार, जास्त दाबानं हळूहळू उकळतील, आणि पंधरा दिवसांनी हा पुन्हा दारात. बोट तसंच राहिलं. मग तिनं हात मागं घेतला.

"एक विचारू?" ती म्हणली. "बॅटरीत पाणी कुठलं टाकता?"

"कुठलं म्हंजे? मागं धा हजार लिटर हाय की!" तो हसला.

"ते नका टाकू. त्यानंच मरतात. ह्या दोन बाटल्या घ्या, बॅटरीचं पाणी. हेच टाकायचं."

त्याचं हसू थांबलं. "हे आधी का नाय सांगितलं?"

प्रेरणा पिवळ्या दिव्याकडं बघत राहिली. "आता सांगितलं ना."

त्यानं बाटल्या मांडीवर घेतल्या. म्हणला, "म्हंजे आता काम नाय पडायचं तुमचं."

"नाय पडायचं."

तेवढ्यात हिरवा लागला. दिवस मावळायच्या आधी टँकर गेला.

आणि आलाच नाय! पंधरा दिवस, महिना. मालकानं बायपासच्या नव्या सोसायट्यांवर टाकला म्हणे, तिकडं भरायचा पॉइंट येगळा. प्रेरणा प्रत्येक टँकरचा नंबर वाचायची. हॉर्न वाजला की हातातलं ॲसिड मोजायचं हायड्रोमीटर थांबायचं. मामा म्हणायचा, "नव्या चार्जरनं गिऱ्हाईकं तोडली गं माझी." तो मस्करीत म्हणायचा, हिला खरंच तुटल्यासारखं व्हायचं. भाकरी थापताना पुरं करायला आता वाक्य बी नव्हतं.

जून लागला, आभाळ कोरडंच. एका दुपारी दारात एक टँकर थांबला. नंबर तोच. आणि इंजिन बंद झालं.

दारातला आवाज इतका कमी झाला की तिला पंख्याची कुरकुर ऐकू आली.

"काय बिघडलं?" ती धावतच बाहेर आली.

"काय नाय," कडुबा खाली उतरला. "पुन्हा ह्याच पॉइंटावर टाकलं. रांगेत नंबर एकोणीस हाय. म्हणलं, बंद करून बघावं." खिशातून बाटली काढली. "दोनातली दीड आजून शिल्लक. इंजिनेर, पिशोरला बी टँकर नेला व्हता मी, तुमच्या गल्लीत. तुमच्या आईनं चहा पाजला. तेच तर वरून वरडून सांगत व्हतो तवा, दोनदा सांगितलं, तुम्ही नुसतं मान हालवायच्या."

मामानं चहा मागवला. अर्धा कप झाला नाय तर रांग हलली, मागून हॉर्नवर हॉर्न. कडुबा वर चढला. प्रेरणा मनात म्हणली, एकदा, एकदाच नुसतं 'कट्' वाजून बंद राहू दे. चावी फिरली आणि इंजिन अर्ध्या दमात धडधडलं. तिनंच भरलेल्या बॅटऱ्या त्या! हसू बी आलं आणि डोळ्यांत पाणी बी आलं.

टँकर एक गाडी पुढं सरकला. थांबला.

आणि इंजिन पुन्हा बंद झालं.

"चहा झाकून ठेवा," तो खिडकीतून म्हणला, न ओरडता. "आजून अठरा हायेत."